खोकल्याचं औषध

ती गाठ आ-लानने कुठे ठेवली असेल, हा एकच प्रश्न च्यु-थांगच्या डोक्यातून जात नव्हता. भांडी घासताना, बाजाराच्या वाटेवर, अंथरुणावर पडलं की, पुन्हा तोच. टाकून तर दिली नसेल?

गाठ म्हणजे बोटाच्या पेराएवढं पांढऱ्या लोकरीचं फूल. बाप गेला की लेकीने केसांत डाव्या बाजूला खोवायचं, शंभर दिवस वागवायचं आणि शंभराव्या दिवशी बापाच्या नावाने कागदी नोटा जाळतात त्यात टाकायचं. नवरा, मू-शेंग, गेला तेव्हा च्यु-थांगने स्वतःच्या हाताने ते लेकीच्या केसांत खोवलं होतं. अंत्यविधी उरकून आ-लान नोकरीच्या शहरी, ताइचुंगला परत निघाली त्या सकाळी डबा घरीच राहिला. च्यु-थांग तो घेऊन बसथांब्यावर धावत गेली, तर लेक पाठमोरी उभी. थांब्याच्या काचेत बघून केसांतली गाठ काढत होती.

"काय करतेस गं?"

आ-लान दचकली, पण वळली नाही. "आई, उद्या ऑफिस आहे."

"मग?"

"मग हे लावून क्लायंटच्या घरी कशी जाऊ? वर्षअखेरीच्या भेटी तोंडावर आल्यात. सुतकातलं माणूस दारात आलेलं कोणाला चालतं?"

"मग जाऊ नको."

"माझ्या हाताखाली माणसं आहेत. मीच घरी बसले तर त्यांनी कोणाकडे बघायचं?"

तेवढ्यात बस आली. आणि च्यु-थांगच्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. "लोकांच्या मयतांना जाऊन जाऊन तुझे बूट झिजले. स्वतःच्या बापाला एवढेच दिवस होय?"

आ-लानने डबा घेतला. "येते," म्हणाली आणि चढली. गाठ तिच्या मुठीत होती, खिशात गेली की थांब्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात, ते च्यु-थांगला दिसलं नाही.

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं फोनवरच्या दोन ओळींत उरलं होतं. जेवलीस? हो. तू? हो, मी बरी आहे.

आ-लान उशिरा झालेली, एकुलती. पूर्ण नाव शी रुओ-लान, पण ते शाळेच्या हजेरीपुरतंच. च्यु-थांग शाळेत शिकवायला जायची, तेव्हा पोर बापाजवळ दुकानात असायची. मू-शेंगचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लुकांग गावचा हिवाळी वारा गल्लीच्या वळणावर अडतो, त्या वळणाच्या आतलं घर. मू-शेंग डोळ्याला भिंग लावून बसलेला, आणि टेबलाखाली आ-लान मोडक्या घड्याळांचे काटे रांगेत लावत बसलेली.

मू-शेंगची एक खोड होती. घड्याळ उघडून बघितलं आणि ते कामातून गेलेलं असलं, तर चहा ओतायच्या आधी सांगून टाकायचा. "हे आता चालायचं नाही. नेताय की ठेवताय?" गिऱ्हाईक बिचारं अजून नीट टेकलेलंही नसायचं.

"अहो, माणसाला चहा तरी घेऊ द्या," च्यु-थांग म्हणायची.

"चहा पाजून सांगितलं तर त्याला वाटतं, चहा पाजून फसवलं. आधी सांगितलं की चहा नुसता चहा राहतो."

टेबलाखालची पोर हे सगळं ऐकत होती. ऐकत होती हे मात्र फार नंतर कळलं.

ती ताइचुंगला हिशेबशास्त्र शिकली आणि एका गुंतवणूक सल्ला देणाऱ्या कंपनीत लागली. सुरुवातीला नवी माणसं काय करतात, तर आधी नातलगांना गाठतात. आ-लाननेही आत्याला गाठलं. आत्याने दागिने करायचे ठेवलेले पैसे भाचीच्या हवाली केले. वर्ष उलटायच्या आत बाजार आपटला. आत्या फोनवर फोन करत राहिली, आणि आ-लान उचलेना. साहेबांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, दोन दिवस फोन घेऊ नका, लोक थंड होतील. लोक थंड झाले. आत्या इतकी थंड झाली की त्या वर्षी पितरांच्या थडग्यांवर साफसफाईला गेली तेव्हा भावाच्या गाडीत बसली नाही, रिकाम्या सीटसमोरून चालत गेली.

रात्री जेवताना आ-लान म्हणाली, "बाबा, मी ही नोकरी सोडू?"

मू-शेंग माशाचे काटे काढत होता. "घड्याळ बंद पडल्याचं मालकाला आपल्याआधी कळलं, तर दुकान बंद करावं. आपल्याला आधी कळत असेल तर चालू ठेवावं."

तिने नोकरी सोडली नाही. मग तिच्या आयुष्यात चो आजी आल्या.

चो आजी ताइचुंगमध्ये एकट्या राहायच्या. नवऱ्यामागे चांगह्वा गावातला छत्र्यांचा कारखाना त्यांनी चालवला, मग गुडघे गेले तेव्हा बंद केला. पैसा होता, मूलबाळ नव्हतं, आणि जीभ अशी की बँकेतली माणसं त्यांना बघून जेवायची सुट्टी घ्यायची. आ-लानकडे त्या कशा आल्या तर दुसऱ्या कोणी त्यांना घेईना म्हणून. पहिल्याच वर्षी बाजार पुन्हा पडला. या खेपेला आ-लान फोनची वाट न बघता सकाळीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. आजींनी चहा काढला. तिने कपावर हात ठेवला.

"आजी, आधी ऐका. मग प्यायचा की माझ्या अंगावर ओतायचा ते ठरवा."

आजींनी ऐकलं. मग म्हणाल्या, "पाऊस पडला नाही की माझ्या छत्र्या पडून राहायच्या. मी कधी आभाळाला शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या त्या गोदामात लपून बसणाऱ्या मॅनेजरला. तू लपली नाहीस. बस."

ही गोष्ट आ-लानने रविवारी घरी येऊन सांगितली तेव्हा मू-शेंग इतका हसला की त्याला ठसका लागला. "माझी खोड विकून खातेस होय गं," म्हणाला.

पुढे तिच्या हाताखाली माणसं दिली, तेव्हा तिने त्यांनाही तेच शिकवलं. वाईट बातमी आपल्या तोंडाने, आणि चहाच्या पहिल्या घोटाआधी. एकदा एका नव्या मुलीने एका गिऱ्हाइकाचे पैसे भलत्याच फंडात टाकले. घाबरून ती मुलगी राजीनामाच लिहून बसली. आ-लानने तो कागद तिच्याच पर्समध्ये कोंबला, तिला घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी गेली, आणि दारातच वाकून म्हणाली, "चूक आमच्याकडून झाली. आमच्याकडून म्हणजे माझ्याकडून." मुलीला एक अक्षर बोलू दिलं नाही. परतताना तिला नूडल्स खाऊ घातले. "रड आता," म्हणाली, "पण तिखट घाल, म्हणजे लोकांना वाटेल तिखटाने रडतेस."

लेक अशी. लोकांच्या आयांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारी, कोणाच्या नातवाला कोणती शाळा मिळाली ते लक्षात ठेवणारी, कोणी गेलं की पांढऱ्या पाकिटात पैसे घालून सर्वांत आधी पोचणारी. च्यु-थांगला अभिमान होता, आणि त्या अभिमानाला एक बारीकसा सल होता. रविवारचं जेवण महिन्यातून एकदा होऊ लागलं, मग सणावारी. लेकीचा आवाज ऐकावासा वाटला तरी च्यु-थांग ऑफिसच्या वेळात फोन करत नसे. क्लायंटसमोर असेल, म्हणायची, आणि फोन पुन्हा खाली ठेवायची.

वर्षाकाठी एक दिवस मात्र तिघांचा होता. वर्षअखेरीला, चांद्र नववर्षाच्या तोंडावर, च्यु-थांग थी-क्वे करायची. चिकट तांदूळ भिजवून दळायचे, दगडाखाली पाणी निथळवायचं, काळा गूळ घालून मळायचं आणि मोठ्या चाळणीत दिवसभर वाफवायचं. ते गोड जाड चाक निवलं की कापून कागदात बांधायचं. लाल दोरा बांधायचं काम मू-शेंगचं. त्याची गाठ ओढली की सुटायची, पण आपोआप कधी सुटायची नाही. मग तो आ-लानला स्कूटरवर मागे बसवून ताइचुंगभर फिरवायचा. ती वर जायची, हा खाली थांबायचा. चो आजी गॅलरीतून ओरडायच्या, "शी साहेब, वर या की."

"नको. सल्ला ती देते, पेट्रोल मी देतो. ज्याचं काम त्याने करावं."

हे दरवर्षी ठरलेलं. दोघांची ओळख एवढीच, एक गॅलरीत, एक स्कूटरवर.

हिवाळा लागता लागता मू-शेंग गेला. संध्याकाळी दुकानाची फळी लावली, छातीत दुखतंय म्हणाला, आणि अ‍ॅम्ब्युलन्स गल्लीच्या वळणातून वळेपर्यंत संपलं. अंत्यविधीला गल्ली आली, शाळेतले लोक आले, घड्याळवाले आले. आ-लानच्या ऑफिसातून, तिच्या इतक्या क्लायंटांकडून कोणी आलं नाही. फुलांची एक टोपली नाही. च्यु-थांगने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी कोणाला कळवलं नाही. साहेबांना सांगितलंय, त्यांनाही कोणाला सांगू नका म्हटलंय." ती रडली नव्हती. पाहुण्यांना पाणी देत होती, सह्या करत होती, विधी करायला आलेली माणसं मोजून जेवायला बसवत होती. जणू हेही दुसऱ्याच कोणाचं मयत होतं आणि ती पांढरं पाकीट घेऊन आली होती.

सुतकाच्या घरात थी-क्वे वाफवत नाहीत. चाळणीजवळ सुतकातलं माणूस गेलं तरी थी-क्वे कच्ची राहते म्हणतात; दुसऱ्या कोणी पाठवली तर खायची. म्हणून यंदा चाळणी खाली उतरलीच नाही. दाराला नव्या वर्षाचे शुभ लाल कागद लागले नाहीत. वर्षाच्या शेवटच्या रात्री आ-लान आली, कोबी चिरला, मासा तळला, बापाच्या फोटोपुढे वाटी ठेवली. केस धुऊन मोकळे सोडले होते, गाठ असायच्या जागी काही नव्हतं. च्यु-थांगने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी भेटी आहेत म्हणून लेक निघून गेली.

नवं वर्ष लागून आठवडा झाला असेल. दुपारी च्यु-थांग दारात वाऱ्याला पाठ करून शेंगा सोलत होती, तर वळणावर एक म्हातारी छत्रीचा काठीसारखा आधार घेत, घर विचारत येताना दिसली. ऊबदार चांगला कोट, गुडघे आखडलेले.

"घड्याळवाल्या शींचं घर हेच का?"

"हो. या... म्हणजे, काय काम होतं?"

"मी चो. ताइचुंगहून आलेय. भाचा देवीच्या दर्शनाला घेऊन आला होता, त्याला रांगेत उभा केला न् म्हटलं, इतकी वर्षं त्या माणसाला वरून बघतेय, एकदा समोरून बघावं. तुम्ही आ-लानच्या आई. शिक्षिका ना? ती सांगते, आई खडूसुद्धा मोजून वापरायची."

म्हातारी हसत हसत पुढे आली, आणि तिची नजर दाराच्या चौकटीवर गेली. गल्लीत दर दाराला नवे लाल कागद होते. या दाराला गेल्या वर्षीचे काढल्यावर राहिलेले खळीचे डाग होते. ती जागीच थांबली. पाय उंबऱ्याच्या एक हात अलीकडे.

"कोण गेलं, बाई?"

च्यु-थांगने हातातली शेंग खाली ठेवली. "आमचे हे."

"कधी?"

"थंडी सुरू झाली तेव्हा."

चो आजींचा हात पिशवीत गेलेला होता. तो बाहेर आला तेव्हा त्यात औषधाची काळी बाटली होती, लोकाटच्या फळाचं घट्ट चाटण, घसा बसला की घेतात ते. त्यांनी बाटलीकडे बघितलं, मग च्यु-थांगकडे.

"मग हे मी कोणाला देऊ?"

च्यु-थांगला काही कळेना.

"तुमची लेक वर्षअखेरीला आली होती. माझ्या सोफ्यावर बसली. दुकानातला डबा आणला होता, रंगीत रिबिनीचा. मी विचारलं, घरची थी-क्वे कुठाय, आणि स्कूटर कुठाय? म्हणाली, बाबांना खोकला झालाय. थंडीत स्कूटर नको म्हटलं त्यांना. म्हणून मी हे घेऊन आले."

च्यु-थांगने चौकट धरली. आधी संताप आला, असा की कानशिलं तापली. जिवंत म्हणाली. स्वतःच्या बापाला जिवंत म्हणाली, एका भेटीसाठी. आणि त्या संतापाच्या पाठोपाठ, कोण जाणे कुठून, डोळ्यांपुढे मू-शेंग उभा राहिला. चो आजींच्या इमारतीखाली, मफलर गुंडाळून, खोकत. अजून कुठेतरी तो खोकत होता. एका घरापुरता तरी होता.

सुतकाच्या घरात सणाच्या दिवसांत कोणाला बोलावू नये, आणि कोणी आपणहून जाऊही नये. पण आखडल्या गुडघ्यांची म्हातारी वाऱ्यात उभी. च्यु-थांगने दोन बुटकी स्टुलं आणली, एक उंबऱ्याच्या आत ठेवलं, एक बाहेर. दोघी समोरासमोर बसल्या, मध्ये उंबरा.

"तुमच्यासमोर लपवत नाही, बाई," चो आजी म्हणाल्या. "मला राग आलाय. सुतकातलं माणूस नव्या वर्षाच्या तोंडावर माझ्या घरात आलं त्याचा नाही. म्हणजे, थोडा त्याचाही. पण खोटं बोलली त्याचा जास्त. कारखान्याची जागा विकलीय मी. ते सगळं तिच्या हाती द्यायचं ठरलंय, नव्या वर्षाच्या पंधराव्या दिवशी सणाचे कंदील लागतात, ते उतरले की सही. आता मी कशी करू सही?"

"ती खोटं बोलत नाही," च्यु-थांग म्हणाली. तिचं तिलाच हसू आलं असतं, इतकं ते लटकं वाटलं.

"बोलली की. माझाच चहा पिऊन."

"बाजार पडला तेव्हा सांगायला आली होती ना. चहाच्या आधी."

"तेच तर डोक्यात जातंय. माझे पैसे गेल्याचं सांगायला हिला जीभ होती. बाप गेल्याचं सांगायला..."

वाक्य त्यांनी सोडून दिलं. वळणापाशी वारा कोणाचं तरी पत्र्याचं झाकण लोळवत नेत होता.

मग चो आजी वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "कागद वाचायला तिने चष्म्याची डबी उघडली होती. त्यातून लोकरीचा एक पांढरा गोंडा पडला. झटकन उचलला. मी विचारलं, काय गं ते? तर म्हणे, मफलरचा धागा सुटलाय. मला वाटलं, हल्लीच्या पोरींचं काही नवीन असेल. मी म्हातारी, आठ मयतं बघितलेली, आणि मला दिसू नये."

"चष्म्याच्या डबीत?"

"हो. उचलून परत डबीतच ठेवला, चष्म्याखाली. असा, हाताने दाबून."

च्यु-थांगने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. टाकली नव्हती. दर घरी घेऊन जात होती. दर घरी चष्मा काढताना तिला दिसत होती.

"आमचे गेले तेव्हा," चो आजी म्हणाल्या, "मी वर्षभर त्यांच्या हाताच्या मापाच्या मुठी मागवत राहिले. छत्र्यांच्या मुठी हो. इतकी मोठी मूठ बाजारात कोणी घेत नाही. गोदाम भरलं. कामगार गप्प. मालकिणीला कोण बोलणार? वर बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, बाई. तुमच्या लेकीच्या हाताखालचेही गप्पच असणार. तिने सगळ्यांना शिकवलंय, वाईट बातमी कशी द्यायची. स्वतःची कशी द्यायची ते तिला कोणी शिकवलं?"

"तिचे वडील..." च्यु-थांग म्हणाली आणि थांबली.

"किती वर्षं ती माझे गुडघे विचारतेय. डोळे विचारतेय, भाचा त्रास देतो का विचारतेय. मी तिचं काही विचारलं की म्हणते, मी मजेत. एकाच बाजूने विचारपूस असली की ते दुकान झालं. दुकानात मी खूप वर्षं बसलेय, मला घरी दुकान नकोय."

"मग काय करणार तुम्ही?"

"थांबणार. ती आपल्या पायांनी येईल आणि आपल्या तोंडाने सांगेल, तोवर माझ्या घरी शी साहेबांना खोकला आहे. ती आली की सही. नाही आली तर दुसरा कोणीतरी बघीन. हुशार पुष्कळ आहेत हो. पण या वयात, ज्याचं काही ठाऊक नाही अशा माणसाच्या हाती सगळं देऊन झोप लागत नाही." त्या पुढे वाकल्या. "आणि तुम्ही तिला सांगायचं नाही. सांगितलंत तर ती येईल, नक्की येईल, वाकून माफी मागेल, अगदी छान मागेल. पण नोकरी म्हणून येईल. ते मला नको."

च्यु-थांगने मान हलवली. एका फोनने लेकीचं काम वाचलं असतं, आणि तोच फोन आता करायचा नव्हता.

चो आजी छत्रीवर जोर देऊन उठल्या. "छान आहे हो छत्री," च्यु-थांग काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली.

"आवडली तरी देता येत नाही. छत्री दिली की माणसं दुरावतात. जन्मभर विकल्या, भेट म्हणून एक देता आली नाही." मग बाटलीकडे बघून, ती उंबऱ्याच्या आत ठेवत म्हणाल्या, "ही राहू द्या. तुमचाही आवाज बसलाय. थी-क्वे कोणी पाठवली यंदा तुम्हाला?"

"नणंद मुळ्याची वडी देऊन गेली. पुष्कळ झाली."

"आणि तुम्ही कशा आहात?"

"मी बरी आहे."

चो आजींनी तिच्याकडे नीट बघितलं. "हं," म्हणाल्या. "लेक कोणावर गेली ते कळलं."

आणि छत्री टेकत वळणाकडे चालू लागल्या.

त्यानंतरचे दिवस च्यु-थांगला घर मोठं मोठं होत गेल्यासारखे गेले. दुकानातल्या भिंतीवर लोकांची न नेलेली घड्याळं होती, वेगवेगळ्या वेळा दाखवणारी. मू-शेंग असता तर त्याने त्यांना चावी दिली असती. फोनवर रोजच्या दोन ओळी येत होत्या. जेवलीस? हो. तू? बोटं आपोआप लिहायला जायची, मी बरी आहे. आणि आता दर वेळी त्या तीन शब्दांशी ती अडखळायची. हे तेच होतं. बाबांना खोकला आहे म्हणजे तेच. लेकीने क्लायंटला जे सांगितलं, तेच आई लेकीला सांगत आली होती, रोज, न चुकता. बसथांब्यावर बापाचा कैवार घेऊन बोलली होती, पण "मला एकटीला भीती वाटते, थांब" हे काही तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

कंदिलांच्या सणाच्या आदल्या दिवशी कुरियरवाला एक खोकं देऊन गेला. आत थी-क्वे होती. एका बाजूने जरा करपलेली, एका बाजूने जास्तच मऊ, वर्षानुवर्षं चाळणी न लावलेल्या हाताची. लाल दोरा नव्हता. छत्री मिटल्यावर गुंडाळायला असतो तसला काळा कापडी पट्टा चाकाभोवती आवळून, बटण लावून टाकलं होतं.

च्यु-थांगने त्या बटणावरून अंगठा फिरवला. मग बटण काढलं, काप केले, तव्यावर थोड्या तेलात परतले, कडा कुरकुरीत होईपर्यंत, मू-शेंगला आवडत तसे. एक वाटी फोटोपुढे ठेवली. एक काप स्वतः खाल्ला. तो करपला होता आणि फार गोड होता, आणि तो खाताना पहिल्यांदाच तिला मोठ्याने रडू आलं, भर दुपारी, हातात चॉपस्टिक्स धरून. रडून झाल्यावर घसा दुखू लागला. तिने काळी बाटली उघडली आणि चमचाभर चाटण घेतलं.

फोन टेबलावर होता, मू-शेंगच्या भिंगाशेजारी. चो आजींचं नाव काढायचं नाही, हे तर ठरलेलंच. गाठ कुठे आहे हेही विचारायचं नाही, ते तिला ठाऊक होतं. शंभराव्या दिवशी ये, असंही आधी म्हणायचं नाही. मग म्हणायचं काय? चहाच्या आधीचं. जेवलीस का, याच्याही आधीचं. आ-लान, मी बरी नाही. तुझे बाबा नाहीत आणि मला या घरात बसवत नाही.

पुढचं लेकीने करायचं. ती गप्प राहील, किंवा दारामागे जाऊन रडेल, किंवा म्हणेल, आई, नंतर करते, क्लायंट आहेत.

असू देत क्लायंट. दुपारचे तीन वाजत होते, ऑफिस भरात असेल. इतक्या वर्षांत या वेळेला तिने लेकीला कधी फोन केला नव्हता. च्यु-थांगने गॅस बंद केला, हात पुसले, मू-शेंगच्या स्टुलावर बसली आणि लेकीचा नंबर लावला.